गंजावर तीस वर्षं

लग्नाची पंगत असो की तर्री-पोह्याची गाडी, मला प्रश्न एकच येतो: “मॅडम, ऑक्साइड म्हणजे गंजच ना जी? मग गंजावर तीस वर्षं काहून घालवली?” (आपल्या नागपुरात गंज म्हणजे पातेलंही. एका मावशींची बरेच दिवस समजूत होती की मी भांड्यांवर संशोधन करते.)

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गंज ऑक्साइडच आहे, म्हणजे ऑक्सिजन जोडलेलं संयुग, खरं. पण मानसरच्या खाणीतलं काळं मँगनीजही बरंचसं ऑक्साइडच, आणि तुमच्या मोबाइलमधले शेकडो बारीक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) ज्याचे असतात ते बेरियम टायटनेटही.

मी यात अडकले ती एका चुकीमुळे. पीएचडीच्या दिवसांत स्ट्रॉन्शियम टायटनेट या ऑक्साइडची पेलेट, म्हणजे पूड दाबून केलेली टिकली, भट्टीत तापवताना हायड्रोजन मिसळलेला वायू माझ्याकडून सुरूच राहिला. पांढुरकी निघायची ती पेलेट काळीकुट्ट निघाली. फेकण्याआधी सहज मल्टिमीटर लावला, तर वीज अडवणारा पदार्थ वीज वाहून नेत होता! काही ऑक्सिजन निघून गेला होता आणि आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून गेला होता. जगाला हे आधीच ठाऊक होतं, मला नव्हतं. त्या रात्री झोप आली नाही.

तेव्हापासून माझं काम एकच, ऑक्सिजनचा हिशेब ठेवणं. तो हिशेब भल्याभल्यांचा चुकतो. २००४ साली लँथॅनम अ‍ॅल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट या दोन विद्युतरोधकांच्या सांध्यातून वीज वाहते असं दिसलं, आणि त्यात निघून गेलेल्या ऑक्सिजनचा वाटा किती, यावर पुढे कित्येक वर्षं भांडणं चालली.

खरी गंमत हाफ्नियम ऑक्साइडची. २००७ पासून ते इंटेलच्या चिपमध्ये निमूट इन्सुलेटर म्हणून बसलेलं. २०११ साली कळलं की सिलिकॉन मिसळलेला त्याचा अतिपातळ थर फेरोइलेक्ट्रिक होतो, म्हणजे वीज गेली तरी आतल्या ध्रुवणाची (धन-ऋण भार सरकण्याची) दिशा टिकते. स्मृती साठवायला आणखी काय हवं? आम्ही टायटनेटवाले आमचे थर सिलिकॉनवर नीट बसवायला झगडत होतो, आणि हे कारखान्यात आधीच रुळलेलं. खोटं कशाला बोलू, जळफळाट झाला.

आता माझ्या दोन विद्यार्थिनी हाफ्नियावरच, म्हणजे याच हाफ्नियम ऑक्साइडवर, काम करतात. ज्यापासून पातळ थर बनवतात ते टार्गेट विकत मिळतं, तरी पहिलं मी त्यांना हातानं करायला लावते: अगेट या कठीण दगडाच्या खलात चार तास पूड घोटायची, मे महिन्यातसुद्धा. त्या नाकं मुरडतात.