धाप लागत असताना चालायचे कशाला?

“चार पावले टाकली की यांना धाप लागते आणि तुम्ही चालायला सांगता. फुप्फुसांवर आणखी ताण नाही का येणार?” सीओपीडी या श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या विकाराच्या रुग्णांचे नातेवाईक मला, एका फिजिओथेरपिस्टला, हे नेहमी विचारतात. शंका रास्त आहे.

व्यायामाने फुप्फुसे सुधारत नाहीत. विडी-सिगारेटने किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने झालेली हानी चालण्याने भरून निघत नाही आणि स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकर मारून श्वासाची क्षमता मोजणाऱ्या तपासणीचे, आकडेही फारसे हलत नाहीत. सुधारतात ते मांड्यांचे स्नायू. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने स्नायू झिजतात आणि असे दुबळे स्नायू थोड्याशा श्रमातही लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात. त्यातून रक्तात वाढणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी आधीच अडलेल्या फुप्फुसांना आणखी भरभर काम करावे लागते. भरभर श्वास घेताना उच्छ्वास पुरा होत नाही, हवा आत कोंडत जाते आणि धाप वाढते. अमेरिकी संशोधक रिचर्ड कॅसाबुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले, की व्यायामाच्या सरावानंतर तेवढ्याच श्रमाला या रुग्णांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल कमी वाढते आणि श्वासाची गरजही घटते. पुढे २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था) ६५ चाचण्यांमधील ३,८२२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा अशा व्यायामावर आधारलेल्या पुनर्वसनाने धाप, थकवा आणि चालण्याची क्षमता यांत ठळक सुधारणा आढळली.

म्हणूनच घरच्यांचे “तुम्ही बसा, पाणी मी आणून देते” हे प्रेम मला काळजीत टाकते. पाणी त्यांनाच उठून आणू द्यावे.

अर्थात, मनाला येईल तसे चालणे म्हणजे उपचार नव्हे. आधी सहा मिनिटांची चालण्याची चाचणी करून, त्या वेळी रक्तातील ऑक्सिजन किती उतरतो ते पाहून वेग ठरवावा लागतो. त्यानंतर सहा ते बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा देखरेखीखाली सराव होतो. रुग्णाने स्वतःच धापेला शून्य ते दहा गुण द्यायच्या बोर्ग मोजपट्टीवर धाप चार ते सहाच्या दरम्यान असावी, म्हणजे ती जाणवलीच पाहिजे. ती जाणवू नये इतके हळू चालल्यास स्नायूंना पुरेसे काम मिळत नाही. सलग चालवत नसेल तर मिनिटभर चालावे, मिनिटभर थांबावे आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडावा. खुर्चीवरून हात न टेकता उठण्याबसण्याचा सराव मी आवर्जून देते, कारण तो घरीही करता येतो. छातीत दुखले, चक्कर आली किंवा ऑक्सिजन ८८ टक्क्यांखाली गेला, तर मात्र त्या दिवशी व्यायाम थांबवून डॉक्टरांशी बोलावे. इनहेलर चालूच ठेवायचा असतो, कारण श्वासनलिका मोकळ्या असल्या तरच स्नायूंना थकेपर्यंत काम देता येते.

“हे किती दिवस करायचे?” असेही पुढे विचारले जाते. सराव सोडल्यास मिळालेला लाभ साधारण वर्षभरात ओसरतो, त्यामुळे देखरेखीखालचे आठवडे संपले तरी घरचे चालणे आणि ती उठबस कायम ठेवावी लागते.