पेरी मेसनच्या गावात, आणि एक सीलबंद पुस्तक

रहस्यकथाकार अर्ल स्टॅन्ली गार्डनरच्या जुन्या, खिशात मावणाऱ्या पॉकेट बुक्सचा नाद लागलेला माणूस कधी ना कधी व्हेंचुराला जातोच. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या या गावात गार्डनर वकिली करायचा. दिवसा कोर्ट, रात्री मासिकांसाठी कथा. १९३३ साली 'द केस ऑफ द वेल्व्हेट क्लॉज' आली आणि पेरी मेसन हा त्याचा वकील-नायक जन्माला आला.

लॉस एंजेलिसबद्दल काही लिहीत नाही. गर्दी, ट्रॅफिक आणि महाग कॉफी. तिथून रेल्वेने व्हेंचुराला उतरले आणि समुद्राचा वारा लागल्यावर जीव भांड्यात पडला.

कॅलिफोर्निया स्ट्रीट चढत गेलं की वरच्या टोकाला जुनं कोर्ट लागतं. आता तिथे सिटी हॉल आहे. पांढऱ्याशुभ्र दर्शनी भिंतीवर फ्रान्सिस्कन साधूंचे चेहरे कोरलेत. पायऱ्यांवरून खाली बघितलं की रस्ता सरळ समुद्राकडे उतरताना दिसतो. गार्डनर याच कोर्टात साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायचा, आणि त्याच्या ऑफिसची इमारत इथून हाकेच्या अंतरावर. मेसनची ती कोर्टातली चपळाई कुठून आली, ते इथे बसल्यावर पटतं. मी बराच वेळ बसले.

पुण्यात आमच्या वाचनालयातले सगळे पेरी मेसन पुठ्ठा बांधणीतले होते. बाइंडर मूळ कव्हर काढून टाकायचा. वर कापड आणि पाठीवर नंबर. त्यामुळे ढीगभर मेसन वाचले, पण कव्हर एकाचंही बघितलं नव्हतं. हा सगळा खटाटोप त्या कव्हरांसाठी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. वाटेतल्या एका दुकानात काचेच्या कपाटात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक मेसन दिसलं. कव्हरवर पॉकेट बुक्सचं बोधचिन्ह, म्हणजे चष्मा लावून वाचणारी गर्ट्रूड कांगारू, तिच्या पोटपिशवीत आणखी एक पुस्तक, पानांच्या कडा लाल रंगवलेल्या. पण अख्खं पुस्तक प्लास्टिकमध्ये सीलबंद. किंमत पंचेचाळीस डॉलर. ''जरा उघडून बघू का?'' म्हटलं, तर दुकानदार म्हणाला, ''विकत घ्या आणि मग उघडा. पण उघडलंत की त्याची किंमत गेली.'' बांधणी सुटलीये का, एखादं पान गळलंय का, काहीही बघायची सोय नाही. मला भयंकर राग आला. पॉकेट बुक्स १९३९ साली सुरू झाली तीच मुळी पंचवीस सेंटमध्ये, कोणालाही औषधाच्या दुकानातून सहज उचलता यावीत म्हणून. आणि याच पुस्तकाच्या मागच्या बाजूला, प्लास्टिकमधूनही स्पष्ट वाचता येत होतं, की हे पुस्तक सैन्यातल्या एखाद्या मुलाला पाठवा, तिकिटाला जेमतेम काही सेंट पडतील. हातोहात फिरावं म्हणून छापलेलं पुस्तक कपाटात कोंडून ठेवलंय, आणि ते उघडणाराच नुकसान करणारा ठरतो! तसंच ठेवून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी बसने ओहायला गेले. तिथलं बार्ट्स बुक्स १९६४ पासून उघड्या आकाशाखाली चालू आहे. रस्त्याकडच्या भिंतीलाही कपाटं आहेत. दुकान बंद असलं तरी पुस्तक घ्यायचं आणि पैसे दाराच्या फटीतून आत टाकायचे. गिऱ्हाइकावर इतका विश्वास टाकणारं दुकान मला दुसरं माहीत नाही. आत कोणी हटकत नाही, हवं तेवढं चाळा. मला गार्डनरने ए. ए. फेअर या नावाने लिहिलेलं, डेल प्रकाशनाचं एक पुस्तक मिळालं, मलपृष्ठावर घटनास्थळाचा नकाशा असलेलं. आणि एक मेसनही. त्याच्या कव्हरवरचा चकचकीत पापुद्रा कडेने सुटलाय, पानं चहाच्या रंगाची झालीत. शेवटच्या कोऱ्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने संशयितांची यादी केलीये: एकेका नावावर काट, आणि एकाभोवती ठसठशीत गोल. बसमध्ये वाचत बसले. गोल केलेला माणूस खुनी नाही.

दिवाळीत पुण्याला येतेय, तेव्हा हे मेसन सोबत आणणार आहे. ज्याला वाचायचंय त्याने खाली कळवा. वाचून झालं की मला परत देऊ नका, पुढच्या माणसाला द्या. पेन्सिलीच्या यादीखाली आणखी चार नावांना पुरेल एवढी जागा आहे.