बांधीतलं नाटक

मंडईचा दुसरा दिवस. दुपारी झोपून उठले तरी अंगात रात्र आहे. केसांत तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, काड्या निघताहेत. विसरायच्या आत लिहून काढते.

काल आमच्या गावात नाटक होतं. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आमच्या धानाच्या मुलखात, दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. घरोघरी पाहुणे येतात, लग्नाच्या गोष्टी निघतात आणि रात्री नाटक असतंच. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपनीशी मंडळाने ठराव केला होता. तिकिटांतून उरेल तो पैसा यंदा शाळेच्या कुंपणाला द्यायचा आहे. मी नागपुरात नोकरी करते, पण या दिवसांत रजा टाकून येते. बायकांच्या बाजूचं दार माझ्याकडे असतं.

त्याआधीचं काम मात्र सगळ्यांचं. हलका, म्हणजे लवकर येणारा, धान निघालेली बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, पोरांनी चार दिवस खोदली. स्टेजकडे खोल, मागे उथळ. निघालेली माती पुढे टाकत गेलो, तिचंच स्टेज झालं. घमेली उचलून माझे तळहात सोलले. शेवटी खड्ड्यात तणस पसरलं आणि मी अगदी मागे बसून पाहिलं. पुढच्या डोक्यांवरून स्टेजची कड स्वच्छ दिसत होती. नाट्यगृहात पायऱ्यांच्या खुर्च्यांवर बसते तेव्हा मला नेहमी ही बांधी आठवते. कुणी नकाशा काढत नाही. शेताचा मालक उभा राहून सांगतो, इथे अजून एक हात घ्या.

पण मला लिहायचं आहे ते दंडारीबद्दल, आमच्याकडच्या जुन्या नाचगाण्याच्या खेळाबद्दल.

मागच्या वर्षी नाटकाआधी शाळेतल्या मुलांचं काहीतरी व्हावं म्हणून मी नागपुरात बसून व्यसनमुक्तीवर संहिता लिहिली होती. मुलांनी ती पाठ म्हटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्यात गावाचं काहीच नव्हतं, आणि ते मला स्टेजच्या कडेला उभी असतानाच कळलं. फार वाईट वाटलं होतं. यंदा काही न लिहिता आले आणि मंडळाच्या बैठकीत फक्त विचारलं, तुम्हाला काय पाहायचं आहे? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक काकू म्हणाल्या, "आबाजीची दंडार."

आमच्या गावची दंडार बंद पडून बरीच वर्षं झाली. समोरासमोरच्या दोन रांगा, ढोलकी, झांजा आणि रात्रभर चालणारं सोंग. अख्खी येते ती आता एका आबाजींनाच. शिकायला आले त्यांत निम्म्या मुली. दंडारीत बाईचं सोंगही पुरुषच घ्यायचे, म्हणून आबाजी दोन दिवस नुसते बसून पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी उठले, सातवीतल्या एका मुलीच्या पायाजवळ काठी टेकवली आणि म्हणाले, "टाच नाही बाई, पंजा आधी." तिथून पुढे त्यांनी मला काही करूच दिलं नाही. माझ्याकडे चहा आणि हजेरी.

अडचण आली ती सुराची. आबाजी गातात ते कुठल्याही पट्टीत सुरू होतं. संध्याकाळी कंपनीचा ट्रक आला. ऑर्गनवाले भाऊ आमच्याकडेच जेवायला होते, मी भीत भीत त्यांना सांगितलं. रात्रभराचं नाटक पुढे असताना हा माणूस हात धुऊन आमच्या अंगणात पेटी घेऊन बसला. आबाजी गात होते आणि हा एकेक पट्टी दाबून पाहत होता. नाही, नाही, ही पण नाही. मग एका जागी आवाज आणि पेटी एकमेकांत अशी मिसळली की आबाजींनी डोळे उघडले. "काळी दोन," भाऊ म्हणाले, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी. आबाजींना त्याचा अर्थ कळला नाही, पण त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं.

झाडीपट्टी नाटकांतले नट परशुराम खुणे आमच्याच गडचिरोलीचे. पाच हजारांवर प्रयोग, आठशे भूमिका. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा गावात पेढे वाटले होते. तेवढं सारं एका माणसाकडून कसं होत असेल, याचा थोडा अंदाज काल त्या अंगणात आला. अशी माणसं नुसती स्टेजवर उभी नसतात.

दंडार वीस मिनिटं झाली. दाराशी असल्यामुळे मला निम्मीच दिसली. खड्ड्यातल्या म्हाताऱ्या बायका मात्र ओळी पुढेपुढे म्हणत होत्या, आणि त्यातली एक ओळ आबाजींच्या गाण्यात नव्हतीच! त्यांनी मान वळवून ऐकलं आणि पुढच्या फेरीत तीच घेतली.

मग नाटक. पहाटे दव पडेपर्यंत. घोंगड्यात गुंडाळलेली लेकरं, मधली लावणी, शेवटच्या अंकातलं रडू. उजाडताना पडदा गुंडाळला गेला आणि ट्रक पुढच्या गावाला निघाला.

आज चार कडवी वहीत उतरवून घेतली. वर लिहिलंय, काळी दोन. ती जास्तीची ओळ ज्या आजींची, त्यांच्याकडे दूध काढून झाल्यावर ये म्हणाल्यात. मुलीही येणार आहेत. परवा नागपूरची गाडी आहे, म्हणजे हातात दोनच संध्याकाळी.