भाग सात: कॅसरोलच्या तळाशी तळं

आटलं! मागच्या तीन भागांत ज्या तळ्याचं, म्हणजे बेक केलेल्या कॅसरोलच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याचं, रडगाणं गायलो, ते अखेर आटलं. काल रात्री काचेचं भांडं उचलून खालून बॅटरी मारून बघितलं, तळ कोरडा. चौकोन कापला, उलथन्याने उचलला, तो अख्खा वर आला आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात पाणी जमलं नाही. घरात कुणाला याचं काही कौतुक नाही, म्हणून इथे येऊन नाचतोय.

नव्यांसाठी एवढंच, की कॅसरोल म्हणजे सणाच्या जेवणातला उरलेला भात, बटाटे, भाज्या, पाव, भाजलेलं चिकन, जे असेल ते व्हाइट सॉसमध्ये बांधायचं, रात्री फ्रीजमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये ढकलून स्वतः लोळायचं. (घरात 'कॅसरोल' म्हटलं की आई अजून गरम डबाच पुढे करते.)

आता तळ्याकडे. भाग चारमध्ये मी भाज्यांवर आळ घेतला होता. फडक्यात पिळल्या, मग कोरड्या तव्यावर चुरचुर थांबेपर्यंत परतल्या. तळं कायम. भाग पाचमध्ये तळाशी पावाचे तुकडे अंथरले, म्हटलं पाणी तरी पितील. प्यायले, आणि त्यांचा लगदा झाला. तो ट्रे मी एकट्याने तीन दिवस खाल्ला. भाग सहामध्ये सॉसच्या मागे लागलो. अर्धा लिटर दुधाला ३० ग्रॅम मैदा घालत होतो, तो ५० केला, लोणीही तेवढंच. पातेल्यात चमचा उभा राहील असा सॉस झाला. दुसऱ्या दिवशी बेक केला तर पुन्हा तेच. तुमच्यापैकी दोघांनी तेव्हा 'मैदा अजून वाढव' असं सुचवलं होतं. वाढवला नाही हे बरं झालं, नाहीतर खळच खावी लागली असती.

धागा वहीत सापडला. पहिले दोन ट्रे, जे मी कालवून लगेच ओव्हनमध्ये घातले होते, त्यांत तळं नव्हतंच. तळं आलं ते रात्री भरून ठेवलेल्या तिन्ही ट्रेमध्ये. म्हणजे जे काही घडत होतं ते ओव्हनमध्ये नाही, फ्रीजमध्ये घडत होतं. हे मला महिनाभर दिसलं नाही, कारण मी दर वेळी वहीत साहित्य लिहीत होतो आणि वेळ कोपऱ्यात खरडत होतो.

मग दोन छोटी भांडी घेतली. दोन्हींत तोच भात, तेच बटाटे, तोच सॉस, भाज्या अजिबात नाहीत. एकात फेटलेलं अंडं, दुसऱ्यात नाही. चौदा तास फ्रीज. सकाळी दोन्ही तिरकी केली. बिनअंड्याचा सॉस ढिम्म हलला नाही. अंडंवाला ओघळत भांड्याच्या कडेला आला. अजून ओव्हनचं दारही उघडलं नव्हतं! जे अंडं मी मिश्रण घट्ट बांधायला घालत होतो, तेच सॉस पातळ करत होतं. कुंपणानेच शेत खाल्लं.

कारण शोधलं तर फार गूढ नाही. अंड्याच्या बलकात अमायलेज असतं, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम. आपल्या लाळेतही त्याच जातीचं असतं. मी सॉस कोमट झाल्यावर कच्चं अंडं मिसळत होतो, कारण गरम सॉसमध्ये त्याची भुर्जी होईल ही भीती. त्यामुळे बलक रात्रभर निवांत मैद्याचा स्टार्च कुरतडत बसायचा. फ्रीजमध्ये ते काम मंदावतं, थांबत नाही. स्टार्च तुटला की त्याने धरून ठेवलेलं पाणी सुटणारच.

उपाय सोपा निघाला. बलकात आधी दोन डाव गरम सॉस घालून तो सैल करायचा, मग सगळं पातेल्यात ओतून ढवळत राहायचं आणि चांगले बुडबुडे आल्यावर मिनिट-दोन मिनिटं उकळू द्यायचं. मैदा असल्यामुळे बलक फुटत नाही, भुर्जीची माझी भीती उगाच होती. मैद्याशिवाय मात्र हा प्रकार करू नका.

वाटलं, जिंकलो. पुढच्या ट्रेला मध्यभाग कोरडा, पण कडेने पाण्याची बारीक रेघ. इथे दुसरा चोर निघाला तो ओव्हन. डायलवर १८०, आत टांगलेला थर्मामीटर २०५ दाखवतोय. कडा आधीच जास्त तापतात, आणि अंडं गरजेपेक्षा जास्त तापलं की आकसतं आणि पाणी पिळून बाहेर टाकतं. डायल १५५ वर आणला, गणित जमलं. थर्मामीटरबद्दल एक तक्रार: पहिला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला, तो फडताळात ठेवला तरी ९० अंश दाखवायचा. घेतल्या घेतल्या उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून बघा, १०० च्या आसपास दाखवत नसेल तर परत करा. टोचायचा प्रोब (अन्नात खुपसायचा थर्मामीटर) मात्र पैसा वसूल. मध्यभागी ७८ झाले की बाहेर काढतो आणि पंधरा मिनिटं हात लावत नाही. उरलेलं अन्न किमान ७४ पर्यंत तापायलाच हवं, त्याखाली जाऊ नका. आणि भात जेवणानंतर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा. बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं ते ओव्हनमध्ये मरत नाही.

काचेचं भांडं घ्यावं की नाही, यावर इथे मागे वाद झाला होता. माझं मत आता पक्कं आहे, प्रयोग करायचे तर काचच, कारण तळ दिसतो. १९१३ मध्ये कॉर्निंग या काच कंपनीतल्या जेसी लिटलटन यांच्या बायकोने, बेसींनी, बॅटरीची काचेची बरणी कापून तिच्यात केक भाजला, आणि १९१५ मध्ये पायरेक्स नावाची ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी बाजारात आली. पण हल्ली सगळी काच बोरोसिलिकेट (तापमानातला अचानक बदल सोसणारी) नसते, म्हणून फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नको. मी भांडं अर्धा तास बाहेर ठेवतो.

वरचा थरही या वेळी मस्त जमला. पावाचा चुरा लोणी चोळून घातला, शेवटची पाच मिनिटं ग्रिल, आणि कडेचा कुरकुरीत तुकडा मुलीने माझ्या ताटातून उचलला. चीज वडीचं घेऊन घरी किसलं. पाकिटातल्या किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून पूड लावलेली असते, ते नीट वितळत नाही. माझ्या घरात ते पाकीट आता येणार नाही.

सध्याची पद्धत: बलक रात्री सॉसमध्ये उकळून, पांढरा भाग वेगळा झाकून फ्रीजमध्ये, आणि तो सकाळी ओव्हनच्या आधी मिसळायचा. पांढऱ्यात हे अमायलेजचं झंझट नाही.

थांबा. हे लिहिताना लक्षात आलं, की ५० ग्रॅम मैदा आणि उकळलेला बलक असताना पांढरा भाग हवाच कशाला? ते बिनअंड्याचं भांडंसुद्धा गार झाल्यावर नीट कापलं गेलं होतं, फक्त गरम असताना ढासळलं. म्हणजे पुढचा ट्रे पांढऱ्याशिवाय. फ्रीझरचा प्रयोग या रविवारी ठरवला होता, तो आता पुढे. मैद्याचा सॉस गोठवून सोडवला की पाणी सोडतो, आणि चिकट तांदळाचं पीठ वापरलं तर बरंच कमी. ते पीठ आणून ठेवलंय. उरलेले सहा पांढरे भाग मात्र फ्रीजमध्ये वाट बघतायत, त्यांचं काय करता येईल ते सांगा. मेरँग (फेटलेल्या पांढऱ्याचा गोड प्रकार) सोडून. तिथे माझं वेगळंच तळं झालं होतं.