चाळिसाव्या खुर्चीवरचा पिचर

अमेरिकन बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य मेजर लीगखालच्या स्पर्धांमध्ये, वर्षानुवर्षं गावोगाव फिरणाऱ्या पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं) नाव निघालं की पहिला प्रश्न येतो तो वेगाचा. खरं तर आधी विचारायला हवं की गडी 40 जणांच्या यादीत आहे का, आणि असेल तर त्याचे ऑप्शन, म्हणजे त्याला खाली धाडण्याची संघाची मुभा, किती उरलेत.

मेजर लीगच्या प्रत्येक संघाची अशी एक यादी असते. हंगामात बहुतेक काळ त्यातले 26 वर खेळतात आणि त्यात पिचर जास्तीत जास्त 13. बाकीचे यादीत असूनही खाली मायनरमध्ये. यादीतल्या खेळाडूला खाली धाडायचं तर ऑप्शन खर्ची पडतो. असे हंगाम साधारण तीनच मिळतात. एका हंगामात कितीही खेपा झाल्या तरी ऑप्शन एकच मोजतात, पण 2022 पासून खाली धाडण्यावर हंगामाला पाच वेळांची मर्यादा आली.

खेपा होतात त्या अशा. रात्रीचा नऊ इनिंगचा (डावांचा) सामना बाराव्या इनिंगपर्यंत लांबला, सगळे रिलीव्हर (सुरुवातीच्या पिचरच्या जागी येणारे) दमले. दुसऱ्या दिवशी ट्रिपल-एमधून, म्हणजे मायनरच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून, ताज्या हाताचा कोणी बोलावला जातो. हातातून गेलेल्या सामन्यात तो तीन इनिंग, पन्नासेक चेंडू टाकतो. आता त्याचा हात तीन-चार दिवस कामाचा नाही, म्हणजे संघाच्या लेखी नुसती जागा अडवलेली. सकाळी परत खाली, मग चेंडू कितीही छान पडलेले असोत! आणि एकदा खाली गेलेला पिचर 15 दिवस वर येऊ शकत नाही, सहसा कोणी जखमी झालं तरच सुटका.

पैशाचा हिशेब सरळ आहे. 2023च्या करारात 40 जणांच्या यादीबाहेरच्यांसाठी ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला 35,800 डॉलर ठरला. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार होता 7,20,000, दिवसाला सुमारे 3,900. अशांना वरचे दहा दिवस म्हणजे खालचं अख्खं वर्ष. वर 43 दिवस भरले की पेन्शनचा हक्कही लागतो, म्हणून हे लोक दिवस मोजतात.

ऑप्शन संपले की खाली धाडण्याआधी वेव्हरवर टाकावं लागतं, म्हणजे बाकीच्या संघांपुढे ठेवावं लागतं. कुठलाही दुसरा संघ उचलू शकतो. एकाच हंगामात तीन संघांचे कपडे घालणारे पिचर यातूनच तयार होतात.

खालचे आकडेही जपून वाचावेत. ट्रिपल-एचा एक संघ असलेलं अल्बुकर्क शहर सुमारे 5,000 फूट उंचीवर आहे. विरळ हवेत कर्व्ह (वळणारा चेंडू) कमी वळतो, टोलवलेला चेंडू मात्र लांब जातो. तिथे प्रति नऊ इनिंग पाच धावा दिसल्या म्हणून नाक मुरडू नये. स्ट्राइकआउट (पिचरने तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) आणि वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट पहिल्या बेसवर गेलेले) यांचं प्रमाण पाहावं. शिवाय 2019 पासून ट्रिपल-एमध्ये मेजर लीगचाच चेंडू वापरतात. त्याखालच्या डबल-एच्या वेगळ्या चेंडूवर सवय झालेली पकड तिथे नव्याने बसवावी लागते.

पिचर रिच हिलचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण त्यातला कामाचा भाग सांगत नाहीत. 2015 मध्ये, पस्तिशीत, तो स्वतंत्र लीगमधल्या लाँग आयलंड डक्सकडून खेळत होता. सप्टेंबरात मेजर लीगच्या बोस्टनने त्याला चार सामने सुरुवातीपासून दिले. वेग वाढला नव्हता. कर्व्ह तो कितीतरी जास्त टाकू लागला आणि त्याचा वेग नि आकार दर वेळी बदलू लागला. पुढच्या वर्षअखेरीस मेजर लीगच्याच डॉजर्स संघाशी करार झाला तो तीन वर्षांचा, 4.8 कोटी डॉलरचा.

बहुतेकांची वाट इतकी वर जात नाही. तिशीच्या आसपास कोरियाच्या लीगचं बोलावणं येतं. तिथे नव्या परदेशी खेळाडूला पहिल्या वर्षी 10 लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात आणि संघाच्या परदेशी जागांपैकी दोन सहसा पिचरच्याच असतात. दर पाचव्या-सहाव्या दिवशी ठरलेली पाळी, आणि पंधरा दिवसांच्या नियमाची कटकट नाही.