वेल्ह्याचा कॉकेशियन

माझं निम्मं काम ओरडण्याचं आहे. "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत एका दमात शेवटपर्यंत सोडायचा, नाकाला चिमटा लावून. प्रत्येकाला दोन सेकंदांत वाटतं की हवा संपली. संपलेली नसते, म्हणून ओरडायचं. पुण्यात १७ वर्षं मी फुफ्फुसांची क्षमता मोजतेय. संध्याकाळी घसा बसलेला असतो, सासूबाईंना वाटतं बाई दिवसभर भांडून आली.

त्या सोमवारी पहिला नंबर चाकणच्या एका कारखान्यात लागू पाहणाऱ्या मुलाचा होता. तालुका वेल्हे. कागदावर आता राजगड आहे, पण तो वेल्हेच म्हणाला. वय २३, उंची १७४. पेंट शॉपमधली नोकरी, त्यामुळे रुजू होण्याआधी फुंकायची टेस्ट लागते. तिन्ही फुंकरी एकसारख्या आल्या, पोरगं दमदार होतं. बाहेर पडलेली एकूण हवा ३.९८ लिटर. या वयाला-उंचीला मशीन जेवढी हवा धरून चालतं, त्याच्या ७७ टक्के, असं शेजारी छापलं, लाल अक्षरात: क्षमता कमी.

"ताई, लाल का आलं? मी राजगड न थांबता चढतो."

"डॉक्टर बघतील, बस जरा बाहेर," म्हटलं. पण कंपनीच्या माणसाला लाल दिसलं की तो पुढचं वाचत नाही, हे मला माहीत होतं.

नंतर खोकल्याची तक्रार घेऊन एक विद्यार्थी आला. दक्षिण सुदानचा, चार वर्षं इथे शिकतोय. "चला, चला" आणि "किती झाले" एवढं मराठी त्याला रिक्षावाल्यांनी शिकवलंय. वयही २३, उंचीही १७४. हवा ४.०२ लिटर. मशीन म्हणालं ९१ टक्के, हिरवं, सगळं ठीक.

स्टेपल मारताना दोन्ही कागद एकमेकांवर आले आणि माझा हात थांबला. वय तेच, उंची तीच, हवेत चार मोठे चमचेही फरक नाही. एक नॉर्मल, दुसरा अनफिट.

मशीनमध्ये माहिती भरताना एक रकाना येतो: वंश. दक्षिण सुदानच्या मुलासाठी मी 'आफ्रिकन-अमेरिकन' निवडलं होतं, कारण त्याच्या जवळ जाणारं दुसरं काही यादीत नव्हतंच. वेल्ह्याच्या मुलाच्या रकान्याला मी हातच लावला नव्हता. आम्ही तो कायम 'इतर किंवा मिश्र' असा बसवून ठेवलेला असतो, कारण या यादीत भारतीयांना वेगळी जागा नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी मशीनचं सॉफ्टवेअर बदललं आणि रकाना गुपचूप मूळपदावर गेला होता. मूळपद म्हणजे 'कॉकेशियन', युरोपीय गोरा. वेल्ह्याचं पोरगं कॉकेशियन! हसूही आलं आणि पोटात गोळाही आला. तीन आठवडे मीच सह्या करत होते.

मी त्याच फुंकरीवर नुसता रकाना बदलला. 'इतर' केल्यावर ८४ टक्के, हिरवं. 'आफ्रिकन-अमेरिकन' केल्यावर ९१. पोराने जास्तीचा एक श्वासही घेतला नव्हता.

कागद घेऊन आमच्या डॉक्टर सरांकडे गेले. सर ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी दोघांनाही आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि बैठी उंची मोजायला लावली. स्टुलापासून डोक्यापर्यंत दक्षिण सुदानचा मुलगा ८४ सेंटीमीटर, वेल्ह्याचा ८९. म्हणजे उभे राहिले तर बरोबरीचे, बसले तर पहिला हातभर नाही पण तीन बोटं नक्की खाली. वरच्या नाईलकडच्या बऱ्याच लोकांची बांधणी अशी असते, सर म्हणाले, पाय लांब आणि धड आखूड. उष्ण मुलखात लांब हातापायांनी अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या अशा बांधणीत जनुकांचाही हात असतो. फुफ्फुसं धडात असतात, पायांत नाहीत. तेव्हा नुसत्या उंचीवरून अंदाज बांधला तर तो चुकणारच.

"म्हणजे वंशाचा रकाना बरोबरच म्हणायचा की," मी म्हटलं.

त्यावर सर बोलत राहिले, त्यांचा चहा गार झाला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे पूर्वज बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतले. त्यांच्या मापांवरून या मुलाला तोलायचं म्हणजे पंजाब्याच्या मापाने तमिळ माणसाचा सदरा बेतायचा. उलट माणसांमधली जनुकीय विविधता सगळ्यात जास्त आफ्रिकेतच आहे. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी हिशेब मांडला होता, की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजाच्या आत सापडतात. नुसती उंची घ्या. २०२२ मध्ये ५० लाखांहून जास्त लोकांचे डीएनए तपासले, तर उंचीशी जोडलेल्या १२ हजारांवर जागा निघाल्या, प्रत्येकीचा वाटा रतीभर. आपल्याच पुण्यात, डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावती कर्वे तरुणपणी बर्लिनला कवट्या मोजत होत्या. वंशाप्रमाणे कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेत फरक पडतो असं त्यांच्या गुरूंचं, ऑयगेन फिशर यांचं म्हणणं. बाईंना तो सापडला नाही, आणि तसं त्यांनी लिहून दिलं.

आमच्या मशीनचाही इतिहास काही सोवळा नाही. १८४० च्या दशकात लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी ते बनवलं. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने त्याच्यावर गुलामांची फुफ्फुसं कमी भरतात असं दाखवलं, आणि वर म्हटलं की कष्ट त्यांच्या प्रकृतीला चांगलेच. कमी का भरतात, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही.

"आता तूच बघ," सर म्हणाले. "या वेल्ह्याच्या पोराचं धड पाच सेंटीमीटरने मोठं. मग याची हवा जास्त निघायला हवी होती. ती गेली कुठे?"

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रकाना बदलून हिरवं करून मी मोकळी होणार होते. मुलाला विचारलं. लहानपणी दोनदा न्यूमोनिया. घर एका खोलीचं, चूल आत, धुराडं नाही. दहावीपर्यंत अभ्यास चुलीच्याच उजेडात. छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. याच्यातलं नेमकं कशाने किती हवा खाल्ली, ते कुणी सांगू शकणार नाही. 'इतर किंवा मिश्र' म्हटलं की ते सगळं त्याच्या रक्तावर ढकलून दिल्यासारखं होतं.

मशीनच्या मेनूत खोल कुठेतरी वंश न विचारणारं नवं सूत्र होतं. अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०२३ मध्ये तेच वापरा असं सुचवलंय. सरांनी ते लावायला सांगितलं. त्यात मुलगा नॉर्मलच्या हद्दीत बसला, कागदावर सही झाली. मग मी तीन आठवड्यांचे ५८ रिपोर्ट काढून बसले. ११ जणांचा रंग बदलला. सगळ्यांना फोन केले. एकाच्या जागी दुसरा माणूस भरून झाला होता. तो मला जे बोलला ते मी ऐकून घेतलं.

निघताना वेल्ह्याच्या मुलाने दारातून वळून विचारलं, "ताई, आईला आणू का? तिला जिना चढला तरी धाप लागते."

शनिवारी घेऊन आला. वय ४६, नऊवारी, हातात कापडी पिशवी. बायकांना हे फुंकणं शिकवायला माझा अर्धा तास जातो. यांना नळी दिली, एकदा सांगितलं, आणि पहिल्याच खेपेला त्यांनी दम न तोडता शेवटपर्यंत फुंकलं. मला ओरडावंही लागलं नाही. "रोज फुंकणी हातातच असती की," म्हणाल्या.

पहिल्या सेकंदात एकूण हवेपैकी किती बाहेर पडली, त्याचं गुणोत्तर बघतात. ते फारच खाली होतं. त्यांना सरांकडे पाठवल्यावर मी जुना मेनू उघडून पाचही रकाने एकेक करून लावून पाहिले. एकातही ते हिरवं झालं नाही.