किक उजव्या पायाची, दुखणे डाव्या गुडघ्याला

फोंड्यातील माझ्या फिजिओथेरपी केंद्रात ऐन पावसाळ्यात सतरा वर्षांची एक तायक्वांदोपटू वडिलांबरोबर आली. डाव्या गुडघ्यावर घट्ट नी-कॅप होती आणि निर्गुडीच्या तेलाचा वास खोलीभर पसरला होता. “मॅडम, ही किक मारते उजव्या पायाने, मग डावा गुडघा का दुखावा?” हा वडिलांचा पहिलाच प्रश्न होता.

किक मारताना शरीराचा सगळा भार टेकलेल्या पायावर येतो आणि तोच पाय त्या क्षणी वळतही असतो, त्यामुळे मला यात नवल वाटले नाही. नेमके कुठे दुखते असे विचारताच तिने वाटीच्या खालच्या टोकावर एकच बोट ठेवले. गुडघ्याला सूज नव्हती, तो अडकत नव्हता, हाडांना हाडे जोडणारे अस्थिबंधही पक्के होते. मात्र उतरत्या फळीवर एका पायाने बसताना तिने वेदनेला दहापैकी सात गुण दिले. वाटीखालचा स्नायुबंध (टेंडन), म्हणजे मांडीच्या स्नायूचा जोर नडगीच्या हाडापर्यंत नेणारा पट्टा, अतिताणाने दुखावला होता. एमआरआयमध्ये तो जाड दिसत होता खरा, पण अहवालातील बदल आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही.

कारण तिच्या दिनक्रमातच सापडले. जूनमध्ये मैदान चिखलाने भरल्यावर क्लास सभागृहात हलला होता आणि धावण्याऐवजी लाद्यांवर रोज दोरीवरच्या उड्या सुरू झाल्या होत्या. सरावाचे तास तेवढेच राहिले, पण स्नायुबंधावरचा भार अचानक वाढला.

मी तिला गुडघा अर्धवट वाकवून जड वजनाविरुद्ध पंचेचाळीस सेकंद स्थिर जोर लावायला सांगितला आणि मध्ये पुरेशी विश्रांती देत हे पाच वेळा करून घेतले. पुन्हा फळीवर बसल्यावर तिने तीन गुण दिले. सगळ्यांनाच इतका झटपट आराम मिळत नाही आणि मिळाला तरी बहुधा काही तासच टिकतो, हे मी लगेच सांगितले, कारण वडिलांचा चेहरा फारच खुलला होता. स्टेरॉइडच्या इंजेक्शनला मात्र मी स्पष्ट विरोध केला. त्याने दुखणे काही आठवडे दबते, पण नंतर स्नायुबंधाचे नुकसानच होण्याची शक्यता असते.

खरी चर्चा झाली ती फोनवर, तिच्या सरांशी. “निवड चाचणी तोंडावर आली आहे, सराव तरी करू दे, नाहीतर महिनाभर पूर्ण विश्रांती तरी द्या,” असे ते म्हणाले. मला दोन्ही मान्य नव्हते, कारण पूर्ण विश्रांतीने स्नायुबंधाची भार पेलण्याची ताकदच घटते. शेवटी दोरी बंद, उडीच्या किका तूर्त बंद, जमिनीवरचे तंत्र चालू, आणि एक दिवसाआड जड वजनाचे सावकाश व्यायाम असे ठरले. वेदना तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी घरचा जिना उतरताना ती आदल्या दिवसापेक्षा वाढलेली असेल, तर पुढच्या व्यायामाला वजन कमी करायचे.

निवड चाचणीला ती उतरली नाही आणि वडील काही काळ माझ्यावर नाराज होते. उडीच्या किका दिवाळीनंतर सुरू झाल्या, त्याही आधी दुहेरी मॅटवर आणि दोन सरावांत दोन दिवसांचे अंतर ठेवून.